गावाने आपली माणसं लिहून ठेवावीत

२०२३च्या दिवाळीच्या आगेमागे तालुक्याच्या गावांत एक वेगळीच लगबग सुरू होती. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांमधले दप्तरांचे जुने गठ्ठे फडताळातून खाली उतरले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पणजोबांचं नाव कधी विचारलंही नव्हतं अशी माणसं कोतवाल बुकाच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन हिंडू लागली. राज्यभरात पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं पुढे सांगण्यात आलं.

आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. त्या पानांवर काय होतं, एवढंच मला बोलायचं आहे. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूचं रजिस्टर. मयताचं नाव, बापाचं नाव, जात, तारीख आणि मरणाचं कारण. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, हगवण, देवी, असे एकेक शब्द. साठ वर्षं त्याच शिवारात राबलेला, विहीर खणलेला, दुष्काळात गुरं घेऊन दूर गेलेला आणि परत आलेला माणूस एका ओळीत आटपलेला असतो. पणतवंडाला दाखल्यापुरती ती ओळ पुरते. पण दाखला हातात आल्यावर ज्याला पुढे वाचावंसं वाटलं, त्याच्यासाठी त्या पानावर आणखी काहीच नव्हतं.

आज आपण आपल्या गेलेल्या माणसांबद्दल जे मागे ठेवतो आहोत, ते त्या ओळीपेक्षा फार जास्त नाही. छोट्या गावात, तालुक्याच्या बाजारपेठेत जगून मेलेल्या माणसाचं आयुष्य लिहून ठेवणं हे त्या गावाचं सार्वजनिक काम आहे असं माझं ठाम मत आहे. पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती जसं पंचायतीचं काम, तसंच हेही. आपण ते घरच्यांच्या ऐपतीवर सोडून दिलं आहे आणि त्यात ज्यांची ऐपत नाही त्यांचं सगळं पुसलं जातं आहे.

आधी सरकारी कागद पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. माणूस गेला की २१ दिवसांच्या आत मृत्यूची माहिती द्यायची, त्यासाठी नमुना क्रमांक २. नाव, लिंग, वय, आईवडिलांचं किंवा जोडीदाराचं नाव, मृत्यूचं ठिकाण. खाली आकडेवारीसाठीचा भाग: धर्म, व्यवसाय, औषधोपचार मिळाला होता का, आजार कोणता. आणि शेवटी सवयींचे प्रश्न: मयत व्यक्ती विडी-सिगारेट ओढत होती का, किती वर्षं, तंबाखू खात होती का, किती वर्षं, सुपारी, पानमसाला, दारू. आरोग्य खात्याला हे प्रश्न हवेतच, त्यांच्यावर माझा आक्षेप नाही. पण या माणसाने किती वर्षं तंबाखू खाल्ली हे आपण अधिकृतपणे विचारतो आणि किती वर्षं कुंभारकाम केलं हे कुठेच विचारत नाही, हे मनाला लागतं. बाईच्या बाबतीत तर व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘घरकाम’ एवढंच पडतं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली, भांगलणीच्या टोळीची मुकादम असलेली, निम्म्या गल्लीची बाळंतपणं केलेली बाई कागदावर ‘घरकाम’ म्हणून जाते.

दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहिला तिथे होत नाही, जिथे मेला तिथे होते. आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातला माणूस आजारी पडला की शेवटी मिरजेला जातो. तिथल्या दवाखान्यात तो गेला की त्याची नोंद महापालिकेच्या रजिस्टरात. ज्या गावात त्याने सत्तर वर्षं काढली, त्या गावच्या रजिस्टरात त्याचं मरण नाहीच. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या तालुक्यांतली हजारो घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. त्यांतला कोणी तमिळनाडूत गेला, कोणी बंगालमध्ये. बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर कोल्हापूरच्या फडात गेला तर तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावाचा मयत. म्हणजे ज्या गावाला त्या माणसाची आठवण आहे त्या गावाकडे कागद नाही आणि ज्या कार्यालयात कागद आहे तिथे त्याला ओळखणारं कोणी नाही. २०२३च्या कायदा दुरुस्तीने या नोंदी देशपातळीवर एकत्र ठेवण्याची सोय झाली. दाखल्याच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. पण साठा कितीही मोठा झाला तरी रकाने तेच आहेत.

सरकार सोडा, समाज काय करतो?

एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स पाहा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये फोटो, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, आणि खाली शोकाकुल मंडळींची लांबलचक यादी: मित्रमंडळ, तालीम, ग्रुप, त्यांच्या अध्यक्षांचे छोटे फोटो. गेलेल्या माणसाबद्दल त्यावर एक वाक्यही नसतं. आठ-दहा दिवसांत तो उतरतो आणि त्याच चौकटीवर वाढदिवसाचा चढतो. पेपरातली निधनवार्ता: ‘अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ ही वाक्यं इतकी घासली गेली आहेत की त्यांत कोणाचंही नाव बसतं. तालुका प्रतिनिधीला दोष देऊन उपयोग नाही, त्याला चार ओळींचीच जागा असते आणि त्या चार ओळींसाठी त्याला घरच्यांनी तेवढंच सांगितलेलं असतं.

पश्चिम महाराष्ट्रात दहाव्याला प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं होतात. नदीकाठी मंडप, बसायला सतरंज्या, माइक. खरं तर गावाने एखाद्या माणसाबद्दल एकत्र बसून बोलण्याची एवढीच वेळ असते. गाव जमलेलं असतं, पाहुणे आलेले असतात, ज्यांनी त्याच्याबरोबर मोट हाकली तेही बसलेले असतात. माइक मात्र आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या हातात जातो. ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’, ‘कुटुंबवत्सल’ हे तीन शब्द प्रत्येकाला लागतात. काही गावांनी या भाषणांना कंटाळून ती बंद करायचे ठराव केले. त्यांचा वैताग मला समजतो. पण भाषणं बंद केली की प्रश्न सुटत नाही, माइक योग्य माणसाकडे द्यायला हवा होता. मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्याला पाच मिनिटं बोलतं केलं असतं तर त्या दहाव्यात गावाचा पन्नास वर्षांचा इतिहास निघाला असता.

आणि २०२०-२१ साली तर हेही झालं नाही. कोरोनाने महाराष्ट्रात अधिकृत आकड्यानुसारच १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसं नेली. त्यांतली कितीतरी परगावच्या स्मशानात, परक्या हातांनी जाळली किंवा पुरली गेली. दहावा घरातल्या चार माणसांत उरकला. पन्नास हजारांच्या अनुदानासाठी अर्ज भरले गेले, म्हणजे पुन्हा एकदा मृत्यूचा कागद झाला आणि माणूस राहूनच गेला. त्या वर्षी गेलेल्यांबद्दल कितीतरी गावांनी अजून एकदाही एकत्र बसून बोललेलं नाही.

माणसं मोजायची आणि नाव-आयुष्य टाकून द्यायचं, ही खोड जुनी आहे. आपल्याकडे गावोगाव देवळाबाहेर वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत पडलेला वीर, मध्ये लढाई, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर नौकायुद्ध कोरलेले वीरगळ आहेत. हे दगड सात-आठशे वर्षं उन्हापावसात टिकले. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेखच नाही. गुरं राखताना, गाव राखताना कोणी तरी मेलं, गावाने खर्च करून दगड उभारला, शेंदूर लावला, आणि तो कोण होता हे आज कोणालाही सांगता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी आपल्या खेड्यांतून जे शिलाफलक बसवले ते पाहिले आहेत का? या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या युद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. गावाने ती आठवण इतकी धरली की ‘अपशिंगे मिलिटरी’ हीच गावाची ओळख झाली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथल्या कूट शहराच्या वेढ्यात उपासमारीने, कैदेत आणि तापाने आमच्या डोंगरी गावांतली पोरं मेली. बसऱ्याला त्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली आणि हिंदी शिपायांची फक्त पलटणवार संख्या दिली. शंभर वर्षांनी, २०२१मध्ये, ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्मरणातली ही विषमता जाहीरपणे कबूल केली आणि माफी मागितली. शिपायाला नाव नाही दिलं तर तो अन्याय ठरतो, हे त्या आयोगाला कळायला एक शतक लागलं. आपल्याच गल्लीतल्या माणसांच्या बाबतीत आपल्याला तेवढा वेळ नाही. त्यांना ओळखणारे लोक आज आहेत, वीस वर्षांनी नसतील.

स्वातंत्र्यानंतर हे थोडं सुधारलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने जागोजागी हुतात्मा स्मारकं बांधली. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी तहसील कचेरीवरच्या मोर्चात परशुराम घार्गे आणि त्यांच्या साथीदारांना गोळ्या लागल्या, त्यांची नावं आज तिथे सन्मानाने घेतली जातात. हे व्हायलाच हवं होतं. पण गावात आठवणीला पात्र ठरण्यासाठी गोळी लागली पाहिजे, ही अट मला मान्य नाही. येरळा नदीवर बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात स्वतःच्या हिमतीवर बळीराजा स्मृती धरण बांधलं. दुष्काळी भागात लोकांनी लढून मिळवलेलं पाणी म्हणून त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, चळवळीच्या नेत्यांची नावं अभ्यासकांना ठाऊक आहेत. तिथे श्रमदानाला आलेल्या, डोक्यावर पाट्या वाहिलेल्या बायामाणसांपैकी कितीजण आता नाहीत? त्यांच्या नातवंडांना तरी माहीत आहे का की आजी त्या धरणावर होती?

हे सगळं आमच्या परंपरेत नव्हतंच असंही नाही. दक्षिण महाराष्ट्रात अजूनही हेळवी येतात. सुगी झाली की बैल घेऊन, हल्ली कधी गाडीने, बेळगावकडून कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या गावांत उतरतात आणि दारात बसून घराण्याचं कूळ, मूळ गाव, कोण कुठून कुठे आलं, कोणाला किती मुलं, हे वाचून दाखवतात. नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेतात आणि धान्य, पैसा घेऊन पुढच्या घरी जातात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच, गाव आणि आडनाव सांगितलं की आजोबाची सही समोर. ही दोन्ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण त्यांना कोणीतरी नेमलेलं होतं, त्यांचा मोबदला ठरलेला होता आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा येणार हे नक्की होतं. एखाद्या हौशी माणसाच्या उत्साहावर ते विसंबलेलं नव्हतं. मात्र त्यांच्या मर्यादाही होत्या. ज्यांना तीर्थाला जायची ऐपत नव्हती, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, जे पालं ठोकून फिरत होते, ते या वह्यांत कुठून येणार? पुरुषांच्या साखळीवर चालणाऱ्या वंशावळीत बायका बहुधा कोणाची तरी बायको किंवा आई म्हणूनच येतात. आज नवं काही करायचं तर आधी या बाहेर राहिलेल्यांपासून करायला हवं.

लिहून न ठेवल्याने नुकसान काय होतं, ते भावनेपुरतं नाही. आमच्याकडे माणदेशाच्या कडेच्या गावांत बोअर मारणं म्हणजे जुगार. अशा एका बाजाराच्या गावात मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. सबमर्सिबल वर काढायला तिकाटणं आणि चार पोरं घेऊन ते पंचक्रोशीत फिरायचे. कोणाच्या रानात किती फुटांवर पाणी लागलं, केसिंग कुठवर आहे, मोटार किती एचपीची आणि किती स्टेजची, कोणत्या सालच्या उन्हाळ्यात पाइप आणखी किती खाली सोडावे लागले, हे सगळं त्यांना तोंडपाठ. कोणी नवा बोअर घ्यायचा म्हटलं की आधी त्यांना विचारायचे आणि ते सांगायचे, ‘त्या बांधाच्या वर जाऊ नका, खाली धोंडा हाय.’ भूजल खात्याला निरीक्षण विहिरी खोदून जे कळतं, ते या माणसाच्या डोक्यात प्रत्येक रानानिशी होतं. ते गेले तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, फोटो होता, तारखा होत्या. एक दोनशे पानी वही घेऊन चार संध्याकाळी कोणी त्यांच्याशेजारी बसलं असतं, तर पंधरा गावांच्या पाण्याचा नकाशा राहिला असता. आता प्रत्येक शेतकरी तो धोंडा पुन्हा आपापल्या पैशाने शोधतो.

अशी माणसं प्रत्येक गावात असतात आणि त्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. पाणी बघणारा पाणाड्या. मेंढरांच्या रोगांवर पाला माहीत असलेली धनगराची म्हातारी. ओढ्याच्या प्रत्येक वळणाचं, प्रत्येक माळाचं नाव सांगणारा कोतवाल. त्या नावांतली निम्मी सात-बाऱ्यावर नाहीत. मुक्कामाची गाडी चालवणारा एसटी ड्रायव्हर, जो रात्री शाळेच्या ओट्यावर झोपायचा आणि गावातल्या दोन पिढ्यांना कॉलेजला घेऊन गेला. मशिदीच्या शेजारचा पिंजारी. लग्नात हलगी वाजवणारा आणि मयतालाही वाजवणारा, म्हणजे गावातलं प्रत्येक सुखदुःख पाहिलेला माणूस. यांच्यावर कोणी ग्रंथ लिहावा असं मी म्हणत नाही. एक पान पुरे.

माझं म्हणणं इतकंच आहे: प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपंचायतीने एक स्मृतिवही ठेवावी. गावाशी नातं असलेला माणूस कुठेही मरो, वर्षाच्या आत त्याचं एक पान त्या वहीत लिहिलं जावं. पानावर त्याचं पूर्ण नाव आणि गावात ज्या नावाने हाक मारायचे ते नाव. बाईचं असेल तर माहेरचं नाव आणि माहेरचं गाव. काय काम केलं, कोणाकडून शिकलं, कोणाला शिकवलं. गावातल्या कोणत्या गोष्टीत त्याचा हात होता: विहीर, ताल, शाळेची खोली, भजनाची पेटी, एखादं भांडण मिटवणं. आणि त्याला ओळखणाऱ्या, घराबाहेरच्या एका माणसाने सांगितलेली एक आठवण, सांगणाऱ्याच्या नावासह. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे ‘मनमिळाऊ’ आणि ‘कष्टाळू’ यांना पानावर जागा उरत नाही. आठवण सांगायची म्हटली की प्रसंग सांगावा लागतो.

वही कुठे ठेवायची? राज्यात १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अकरा हजारांच्या आसपास सार्वजनिक वाचनालयं आहेत. त्यांतल्या ‘ड’ वर्गातल्या कित्येकांची दारं दिवसातून दोन तास उघडतात आणि तिथे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशिवाय फारसं काही मागितलं जात नाही. गावाची स्वतःची अशी एकही वस्तू त्या कपाटात नसते. ही वही तिथे असावी, ग्रंथपालाकडे, आणि तिची स्कॅन केलेली प्रत पंचायतीत. लिहायला नववी-दहावीची मुलं, निवृत्त शिक्षक, आशाताई, ज्याचं अक्षर बरं आहे तो कोणीही. खर्च एका रजिस्टरचा.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. पंचायतीला गटार काढता येत नाही, ती हे काय करणार? पण पंचायती अशा गोष्टी करू शकतात हे आपण पाहिलं आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. नवरा मेल्यावर बाईशी कसं वागायचं ही घराघरातली, दाराआडची गोष्ट एका गावाने सार्वजनिक केली आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो ठराव सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. मरणाभोवतीची रीत गावाच्या ठरावाने बदलू शकते, याहून मोठा पुरावा काय हवा? स्मृतिवहीला तर कोणाचा विरोध मोडायचाही नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वही पंचायतीकडे गेली की गावातलं राजकारण तिच्यात शिरणार. पाटलाला तीन पानं आणि मातंग वस्तीतल्या माणसाला तीन ओळी. ही भीती खरी आहे. ज्या राज्यात कित्येक गावांत अजून जातवार स्मशानं आहेत, भटक्या-विमुक्तांना मूठमाती द्यायला जागा मागावी लागते, तिथे वही आपोआप समतेची होईल असं मी मानत नाही. म्हणून तर एक पानाचा नियम हवा, सरपंचालाही एक आणि पालात मेलेल्यालाही एक. क्रम मृत्यूच्या तारखेचा, दुसरा कुठलाच नाही. कोणाचं पान राहून गेलं ते वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवायचं. फ्लेक्सच्या बाजारात गरिबाला जागाच नाही. इथे निदान आपली जागा मागता येईल, आणि नाकारली तर ते सगळ्यांना दिसेल.

तिसरा प्रश्न झाकलेल्या गोष्टींचा. प्रत्येक मरणात सांगण्यासारखं सगळंच नसतं. कोणी गळफास घेतलेला असतो, कोणी दारूने गेलेला असतो, एखादीच्या विहिरीत पडण्याबद्दल गाव गप्प असतं. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये ही आपली रीत आहे आणि घरच्यांच्या दुःखाचा तमाशा होता कामा नये हेही बरोबर. म्हणून मरणाचं कारण पानावर नसावं. ते सरकारी कागदावर आहेच. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचा विचार करा. त्याच्या मरणाची फाइल होते, सात-बारा, कर्जाचे दाखले, शवविच्छेदनाचा अहवाल जोडला जातो, जिल्हा समिती बसते आणि एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. त्या घराकडे त्याच्याबद्दलचा शेवटचा लिहिलेला शब्द अनेकदा ‘अपात्र’ हा असतो. त्याच्या मुलीला मोठं झाल्यावर तेवढाच कागद सापडावा? तो पोहायला शिकवायचा, त्याने गावात पहिल्यांदा ढबू मिरची लावून बघितली, त्याचा बैल बेंदराला सगळ्यांत सजलेला असायचा, हे तिला कोणीतरी लिहून दिलेलं असायला हवं. हे देणं गावाचं आहे. आई कदाचित ते कधीच सांगू शकणार नाही.

काहीजण म्हणतील, विसरणं हाही निसर्ग आहे. माणसं येतात, जातात, नदीत राख सोडली की मोकळं व्हावं. अनेक गावांत आता रक्षा पाण्यात न सोडता खड्ड्यात टाकून त्यावर झाड लावतात, आणि ते मला फार आवडतं. झाड वाढतं, सावली देतं. पण ते कोणाचं हे लावणाऱ्याच्या पिढीनंतर कोण सांगणार? आणि विसरणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं असतं तर मी तक्रार केली नसती. ते तसं येत नाही. आमदाराच्या वडिलांच्या नावाने पतसंस्था असते, कमान असते, स्मृती चषक असतो. त्यांच्याच मळ्यात चाळीस वर्षं सालगडी म्हणून राबलेल्या माणसाचं नाव त्या मळ्यात कुठेही नसतं.

वेळही हाताशी आहे. भाद्रपदात पितृपंधरवडा येतो. ज्याच्या त्याच्या तिथीला म्हाळ घातला जातो, भाऊबंद जेवायला येतात, आणि वाढताना-जेवताना गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतातच: त्यांना आळूची भाजी आवडायची, ते असं म्हणायचे. त्याच दुपारी घरातल्या शाळकरी मुलाने ते पान लिहून घ्यावं. मुसलमान घरांत शब-ए-बारातला कबरस्तानात जाऊन फातेहा पढतात, ख्रिस्ती वस्त्यांत २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात, बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला सगळे जमतात. प्रत्येकाकडे आठवण काढायचा दिवस आधीपासून ठरलेला आहे, त्या दिवशी फक्त लेखणी हातात घ्यायची आहे.

पितृपंधरवड्याच्या आगेमागेच २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. तिच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घेता येतो. कुठल्याही मतदाराला तो मांडता येतो. सुरुवात २०२० आणि २०२१ साली गेलेल्यांपासून करावी. त्यांची यादी घरोघर विचारून काढावी लागेल, कारण त्यांतल्या कित्येकांची नोंद दुसऱ्याच शहरांत आहे. आशाताईंना बहुतेक घरं माहीत आहेत. मग सर्वांत म्हाताऱ्या बायकांकडे जावं, कारण लग्न होऊन या गावात आलेल्या दिवसापासून गावात कोण कोण होतं हे त्यांच्याइतकं कोणाला आठवत नाही आणि त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.